पेपरपुरतं आणि पेपरापलीकडचं

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडावेत आणि विषयही खरोखर डोक्यात उतरावा, ही दोन्ही कामं एकाच अभ्यासात कशी बसवायची, हे मी दुसऱ्या वर्षापासून शोधते आहे. शोध संपलेला नाही, पण काही गोष्टी आता पक्क्या झाल्या आहेत. ही ओढाताण ज्यांना जाणवते त्यांच्यासाठी त्या लिहून ठेवते.

हा प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा आला तो व्हायब्रेशनच्या तासाला. दोन सारखी वस्तुमानं, तीन सारख्या स्प्रिंगा, आणि ही रचना एकदा हलवून सोडून दिली तर कोणत्या वारंवारितेने हलत राहील, असा प्रश्न होता. सरांनी समीकरणं मांडली, मॅट्रिक्समध्ये लिहिली आणि वर्गाला विचारलं, "हे तुम्ही गणितात केलेलं आहे. काय आहे सांगा." वर्ग गप्प. ते आयगेनव्हॅल्यूचं, म्हणजे मॅट्रिक्समधून काही खास संख्या आणि त्यांच्या जोडीचे व्हेक्टर काढायचं गणित होतं. आदल्याच सेमिस्टरला त्या प्रकरणावरच्या प्रश्नाला मला जवळजवळ पूर्ण मार्क होते. मॅट्रिक्स समोर आलं की डिटरमिनंट शून्याइतका मांडायचा, समीकरण सोडवायचं, व्हेक्टर काढायचे. हात आपोआप चालायचा. त्या संख्या कशाचं मोजमाप आहेत हे पेपरात कोणी विचारलं नव्हतं. इथे कळलं की त्या संख्यांची वर्गमुळं म्हणजे त्या रचनेच्या नैसर्गिक वारंवारिता, आणि प्रत्येक व्हेक्टर म्हणजे त्या वारंवारितेला दोन्ही वस्तुमानं एकमेकांच्या तुलनेत कशी हलतात त्याचं चित्र. एका वारंवारितेला दोन्ही एकाच बाजूला जातात, दुसरीला एकमेकांच्या विरुद्ध. इतकं सुंदर काहीतरी त्या गणितात होतं आणि सबंध सेमिस्टर माझ्या हाताखालून निघून गेलं होतं, याची चुटपुट मला बरेच दिवस लागून राहिली.

गणिताचा तो पेपर चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्याने आकडेमोड तपासली आणि आकडेमोड मला येत होती. अडचण अशी की मार्क हे शिकण्याचं माप म्हणून सुरू होतात आणि हळूहळू आपण थेट त्या मापासाठीच अभ्यास करायला लागतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना असाच एक नियम मांडला होता. पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी विद्यापीठांच्या मूल्यमापनावर लिहिताना तो सुटसुटीत केला: माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून चांगलं राहत नाही. हे वाचलं तेव्हा माझी मार्कशीट डोळ्यासमोर आली.

मार्कांना नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. स्कॉलरशिप टिकवायची असते, प्लेसमेंटला कट-ऑफ असतो, पुढे शिकायचं तर प्रवेशाच्या अर्जात पहिला रकाना त्याचाच असतो. ज्याच्या घरी फीचे पैसे जुळवताना ओढाताण होते त्या मुलाला "मार्कांचा विचार करू नकोस, ज्ञान मिळव" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवलं की मार्क सोडायचे नाहीत. प्रश्न फक्त एवढाच की त्यांच्यासाठी काय काय सोडायचं नाही.

या सगळ्यात मला सोबत मिळाली माझ्या रूममेटची, आणि तिची गोष्ट माझ्या बरोबर उलटी होती. वर्गात सरांना सर्वांत चांगले प्रश्न तीच विचारायची. एखादं सूत्र कुठून आलं, कुठे चालतं, कुठे फसतं, हे तिला पाठ्यपुस्तक न उघडता सांगता यायचं. पण निकाल लागला की तिचे मार्क आमच्या सगळ्यांपेक्षा कमी. ती प्रत्येक उत्तर अगदी मुळापासून उभं करायची, पहिल्या दोन प्रश्नांत निम्मा वेळ जायचा आणि शेवटचे प्रश्न कोरे राहायचे. तिला परीक्षा येत नव्हती, मला विषय येत नव्हता. एका निकालानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स समोर घेऊन बसलो. ती म्हणाली, "अगं, तू लिहितेस तसं मला लिहायला शिकव. तुला काय अडतंय ते मी समजावते." तिथून आम्ही एकत्र अभ्यास करायला लागलो.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे मागच्या काही वर्षांचे पेपर काढले आणि प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावली: हा प्रश्न न समजता सोडवता येईल का? काही विषयांत जवळजवळ सगळेच प्रश्न तसे निघाले. व्याख्या लिहा, फरक सांगा, आकृती काढून रचना स्पष्ट करा. तिथे आयएमपी प्रश्नांची यादी आणि रट्टा एवढ्यावर भागत होतं. काही विषयांत मात्र अर्ध्याहून जास्त पेपर असा होता की मुळातली कल्पना धरता आली नाही तर गणित सुरूच होत नाही. या छाननीने मला फार मोकळं केलं. तोवर मी सगळ्या विषयांना एकाच पद्धतीने भिडत होते आणि मग ते जमत नाही म्हणून थकत होते.

स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन ते कसे वाचतात हे तपासलं होतं. काही जण लेखकाला काय म्हणायचंय ते शोधत होते. काही जण पुढे काय विचारतील याचा अंदाज बांधत तपशील पाठ करत होते. खोल आणि वरवरचं शिकणं हे दोन शब्द शिक्षणशास्त्रात तिथून रुळले. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणत्या प्रकारचे प्रश्न येणार याची अपेक्षा बदलली की वाचण्याची पद्धतही बदलते. म्हणजे वरवर शिकणारा आणि खोल शिकणारा अशा माणसांच्या दोन जाती नाहीत; समोरचा प्रश्न आपल्याला घडवतो. मग मला वाटलं, पेपर काढणं माझ्या हातात नाही, पण पेपरच्या आधी स्वतःला कोणते प्रश्न विचारायचे ते तर माझ्याच हातात आहे.

म्हणून आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायला लागलो, आणि एक अट घातली: उत्तरात सूत्र आणायचं नाही. हे किती अवघड जातं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. हीट ट्रान्स्फरमध्ये इन्सुलेशनची क्रिटिकल त्रिज्या नावाचं एक प्रकरण आहे. पेपरात ते हमखास येतं, सूत्र सिद्ध करा म्हणून. मी ती सिद्धता ओळीन् ओळ पाठ केलेली होती. रूममेटने विचारलं, "पाइपला इन्सुलेशन लावल्यावर उष्णता जास्त बाहेर जाते, असं कसं होईल? आपण तर ती अडवायला लावतोय ना?" मी गप्प झाले. मग आम्ही दोघींनी कागदावर दोन अडथळे काढले. उष्णतेला आधी इन्सुलेशनच्या थरातून जायचं असतं, आणि नंतर बाहेरच्या पृष्ठभागावरून हवेत. थर जाड केला की पहिला अडथळा वाढतो. पण गोल पाइपवर थर जाड केला की बाहेरचा पृष्ठभागही मोठा होतो, त्यामुळे हवेत जाण्याचा अडथळा कमी होतो. एक वाढतो, एक घटतो. सुरुवातीला घटणारा जोरात असेल तर एकूण अडथळा कमी होईल आणि उष्णता जास्त जाईल. दोघांची बेरीज सर्वांत कमी जिथे होते ती क्रिटिकल त्रिज्या.

एवढं बोलून झाल्यावर सिद्धता पाठ करायचं काही कारणच उरलं नाही. दोन अडथळ्यांची बेरीज लिहा, त्रिज्येच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या, शून्य ठेवा. उत्तर येतं इन्सुलेशनची उष्णतावाहकता भागिले हवेचा कन्व्हेक्शन गुणांक, म्हणजे हवा पृष्ठभागावरून किती सहज उष्णता नेते त्याचं माप. आणि मग पुस्तकात नसलेला प्रश्न आपोआप पुढे आला: हे प्रत्यक्षात कुठे दिसतं? आकडे घालून बघितले. विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकची वाहकता ०.१५ धरली आणि स्थिर हवेचा गुणांक १० धरला, तर त्रिज्या ०.०१५ मीटर, म्हणजे १५ मिलिमीटर. घरातली तार त्याहून कितीतरी बारीक असते. म्हणजे तारेवरचं आवरण तिला थंड राहायला मदत करतं! उलट पाइपवर लावायच्या लोकरीसारख्या इन्सुलेशनची वाहकता ०.०४ च्या आसपास, म्हणजे त्रिज्या जेमतेम ४ मिलिमीटर. नेहमीचा पाइप त्याहून जाडच असतो, तिथे इन्सुलेशन आपलं काम नीट करतं. त्या सेमिस्टरला हा प्रश्न पेपरात आला की नाही, यापेक्षा मला आठवतं ते हे की त्या संध्याकाळी आम्ही दोघी हा हिशोब करताना खोलीत येरझाऱ्या घालत होतो. शिकण्याचा असा आनंद मला शाळेनंतर पहिल्यांदाच होत होता.

समजून घेण्यात वेळ जातो हे खरंच आहे. पण ती सिद्धता मी आधीच्या पद्धतीने परीक्षेपूर्वी पुन्हा पुन्हा घोकली असती, पेपरानंतर विसरले असते आणि पुढच्या विषयात लागली तर परत घोकली असती. तो सगळा वेळ हिशोबात धरला तर समजून घेणं महाग पडत नाही. मात्र हे ज्या प्रकरणात तर्काची साखळी आहे तिथेच खरं आहे. मिश्रधातूंची नावं आणि त्यांतल्या घटकांची टक्केवारी समजून घेऊन येत नाही, ती पाठच करावी लागते, आणि पाठ करण्यात काही कमीपणा नाही.

दुसरी सवय कोऱ्या कागदाची. ज्या दिवशी तास झाला त्याच संध्याकाळी वही मिटून, त्या तासाला काय झालं ते एका कागदावर आठवून लिहायचं. पहिल्या आठवड्यात हे फारच खटकलं. वही वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि कागद समोर घेतला की दोन-तीन ओळींनंतर हात थांबतो. ते थांबणंच कामाचं असतं. जिथे हात थांबतो तिथे खूण करायची, मग वही उघडून फक्त तेवढंच बघायचं. तेही वहीत सापडलं नाही तर ती दुसऱ्या दिवशी सरांना विचारायची शंका. माझ्या शंका अचानक नेमक्या झाल्या. "सर, हे समजलं नाही" यापेक्षा "सर, इथे प्रवाह स्थिर धरला नाही तर ही ओळ कशी बदलेल?" असं विचारलं की शिक्षकही वेगळ्याच उत्साहाने सांगतात.

या सवयीमागे भक्कम आधार आहे हे मला नंतर कळलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक उतारा काहींनी दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्याला वाचन पुरेसं का वाटतं, आणि तेच ज्ञान पुढच्या सेमिस्टरला का सापडत नाही, याचं उत्तर मला या आकड्यांत मिळालं. आणि माझ्या शोधातली सर्वांत दिलासा देणारी गोष्टही हीच: आठवून लिहिणं मार्कांनाही उपयोगी आणि शिकण्यालाही. इथे दोघांत निवड करावी लागत नाही.

असाच दुहेरी फायदा मिसळून गणितं सोडवण्याचा झाला. पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी त्याच धड्याची गणितं असतात. तिथे कोणतं सूत्र लावायचं हा निर्णय घ्यावाच लागत नाही, धड्याच्या नावातच तो दिलेला असतो. पेपरात मात्र सगळं एकत्र येतं. आम्ही तीन-चार धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली आणि हाताला येईल ती सोडवायला लागलो. सराव करताना चुका वाढल्या, वेग कमी झाला, आणि रूममेट म्हणाली, "हे काही बरोबर चाललेलं नाही." तेव्हा तिला डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगातले आकडे दाखवले. वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग सराववाले २० टक्क्यांवर, मिसळणारे ६३ वर. डबा टेबलावर राहिला.

आता रूममेटच्या बाजूचं. पेपर लिहिणं हे स्वतंत्र कसब आहे, आणि विषय येतो म्हणून ते आपोआप येत नाही. तिला मी जे शिकवलं ते अगदी रोखठोक होतं. तीन तासांत १०० मार्क, म्हणजे एका मार्काला १.८ मिनिटं. दहा मार्कांच्या प्रश्नाला १८ मिनिटं, त्यातली दोन वाचायला आणि विचाराला. अठरावं मिनिट झालं की उत्तर अपुरं असलं तरी जागा सोडून पुढच्या प्रश्नावर जायचं, कारण कोऱ्या प्रश्नाचे पहिले चार मार्क मिळवणं हे लिहिलेल्या प्रश्नाचे शेवटचे दोन मिळवण्यापेक्षा सोपं असतं. दिलेल्या गोष्टी आधी एककांसह लिहायच्या. आकृती सुरुवातीला, शेवटी नाही. गृहीतकं वेगळ्या ओळीत. उत्तराभोवती चौकट. तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो. आपल्याला काय येतं ते त्याला शोधावं लागू नये. तिला आधी हे दिखाऊ वाटलं. माझं म्हणणं असं होतं, आणि आजही आहे, की दुसऱ्याला झटकन कळेल असं मांडणं हा इंजिनिअरच्या कामाचाच भाग आहे.

त्यासाठी आम्ही वर्षाचे सरळ दोन भाग पाडले. सेमिस्टर चालू असताना जितकं खोलात जायचं तितकं जायचं. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की नवीन कुतूहल एका वहीत नोंदवून बाजूला ठेवायचं आणि फक्त पेपर: जुने पेपर, घड्याळ लावून, पेनाने, पूर्ण तीन तास. या काळात "आपण आता मार्कांसाठी अभ्यास करतोय" याची खंत बाळगायची नाही. हे विभाजन झाल्यावर डोकं शांत झालं. आधी सेमिस्टरभर मार्कांची धास्ती असायची आणि पीएलमध्ये विषय समजला नाही याची हळहळ. दोन्ही वेळा भलतीच चिंता.

याहून महत्त्वाचा निर्णय विषय निवडण्याचा. सल्ला देणारे बहुतेक जण सांगतात की प्रत्येक विषय मनापासून शिका. मला ते अशक्य वाटतं, आणि त्या अशक्य अपेक्षेमुळेच पुष्कळ मुलं शेवटी एकही विषय मनापासून शिकत नाहीत. सेमिस्टरला पाच-सहा विषय, वर लॅब, सबमिशन, प्रोजेक्ट. मी दर सेमिस्टरला दोनच विषय आतपर्यंत शिकायचं ठरवलं. पहिला निवडताना बघायचं की पुढचे किती विषय याच्यावर उभे आहेत. दुसरा फक्त आवडतो म्हणून, त्याचा पुढे काही उपयोग असो वा नसो. बाकीच्या विषयांत मन लावून पण मर्यादेत काम करायचं, मार्क चांगले येतील इतकं. हे पहिल्यांदा ठरवताना मला अपराधी वाटलं, कारण काही विषयांना आपण मुद्दाम वरवर हाताळणार हे उघड मान्य करावं लागत होतं. पण पुढे आवडीचा म्हणून घेतलेला विषयच इतर विषयांना ओढून घ्यायला लागला. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आत गेले आणि त्याच्यासाठी गणितातलं मागचं बरंच काही परत काढून शिकले, तेही कोणी न सांगता.

लॅबबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं. तिथे शिकण्यासारखं सर्वांत जास्त असतं आणि तिथलं शिकणं मार्कांत सर्वांत कमी उतरतं. जर्नल वेळेवर पूर्ण असलं आणि आलेख गुळगुळीत असला की काम भागतं, म्हणून मागच्या बॅचची रीडिंग थोडीफार बदलून उतरवली जातात. फिनच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला लावलेल्या धातूच्या दांडीच्या, प्रयोगात आमच्या तापमानाच्या नोंदी सिद्धांताच्या रेषेवर बसत नव्हत्या. टोकाकडची तापमानं अपेक्षेपेक्षा कमी येत होती. आम्ही त्या तशाच लिहिल्या आणि खाली कारण शोधलं: हीटर लावल्यानंतर आम्ही पुरेसं थांबलोच नव्हतो, उष्णता टोकापर्यंत पोचून तापमान स्थिर व्हायच्या आधीच नोंदी घेतल्या होत्या. पुढच्या वेळी दर थोड्या वेळाने तापमान टिपत गेलो आणि ते बदलायचं थांबल्यावरच अंतिम नोंद केली. रेषा बरीच जवळ आली. तोंडी परीक्षेला मॅडमनी नेमकी तीच पानं उघडली आणि स्थिर अवस्था कशी ओळखायची, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी, नीट चिकटलेलं नसेल तर काय होईल, यावर बराच वेळ विचारत राहिल्या. त्याचे वेगळे मार्क नव्हते. पण त्या दिवसापासून दर सेमिस्टरला निदान एका प्रयोगाची स्वतःची रीडिंग आणि त्यांतल्या फरकाची स्वतःची कारणं, एवढं आम्ही पाळतो.

प्रत्येक वेळी दोन्ही साधतंच असं नाही. एका विषयात मी सिद्धता माझ्या पद्धतीने लिहिली, उत्तर तेच, वाटही बरोबर, तरी मार्क कापले गेले कारण नमुना उत्तरात पायऱ्या वेगळ्या होत्या. पुनर्तपासणीतही फरक पडला नाही. वाईट वाटलं, रागही आला. तेव्हापासून त्या प्रकारच्या पेपरात मी छापील वाटेनेच लिहिते आणि माझी वाट वहीत ठेवते. ही तडजोड आहे, आणि परीक्षापद्धतीने ती विद्यार्थ्यांवर लादू नये असं मला आजही ठामपणे वाटतं.

तपासून आलेल्या असाइनमेंटबद्दल एक छोटी सवय कामाला आली. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी आणि रस वाढला. ज्यांना शेऱ्यांसोबत गुणही मिळाले त्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. गुण दिसले की डोळे तिथेच अडकतात. म्हणून आम्ही एकमेकींचे कागद आणतो, मार्क असलेला कोपरा दुमडून देतो, आणि आधी सगळे शेरे वाचून दुरुस्त्या केल्यावरच तो उघडतो.

आणि एआय. असाइनमेंटचं बिनचूक उत्तर आता काही सेकंदांत मिळतं, त्यामुळे असाइनमेंटच्या मार्कांवरून काय शिकलो हे कळण्याची होती नव्हती ती शक्यताही गेली. मी ते वापरते, पण आधी स्वतः अडेपर्यंत सोडवून. अडल्यावरही उत्तर मागत नाही. माझं अर्धवट उत्तर देऊन त्यात कुठे घसरले ते विचारते. मिळालेलं स्पष्टीकरण पुन्हा कोऱ्या कागदावर मांडता आलं तरच ते माझं झालं असं धरते. सांगितलेलं कधी कधी साफ चुकीचंही असतं, आणि ते पकडता येणं ही माझ्यासाठी विषय आल्याची चांगली खूण ठरली आहे.

या सगळ्याने मार्कांचं काय झालं? माझे साधारण होते तिथेच राहिले, आतपर्यंत शिकलेल्या विषयांत थोडे वाढले. रूममेटचे बरेच वाढले; तिचा आता एकही प्रश्न कोरा राहत नाही. माझ्या बाजूचा फरक मार्कशीटवर दिसत नाही. तो दिसतो नवीन विषय सुरू होतो तेव्हा, कारण आता पहिल्या आठवड्यात काहीतरी ओळखीचं भेटतं.

या सेमिस्टरला इलेक्टिव्ह निवडायचं होतं. एक विषय सगळ्यांच्या मते स्कोअरिंग, दुसरा सीएफडी, म्हणजे द्रवांचा आणि वायूंचा प्रवाह संगणकावर सोडवणं, ज्यात मार्क मिळत नाहीत अशी ख्याती. मला सीएफडी हवं होतं आणि सीजीपीएची, म्हणजे चारही वर्षांच्या एकूण सरासरी ग्रेडची, भीती वाटत होती. मग नुसती भीती बाळगण्यापेक्षा हिशोबच केला. विषय ३ क्रेडिटचा, चार वर्षांची एकूण क्रेडिट १६०. नऊ पॉइंटऐवजी सात मिळाले तर तोटा २ गुणिले ३ भागिले १६०, म्हणजे सुमारे ०.०४. एका विषयाने एवढंच हलतं. असे दहा विषय अंगावर घेतले तर सुमारे ०.३८ जातील आणि ते परवडणार नाही, हेही त्याच हिशोबात दिसलं. एक परवडतो. मी सीएफडी घेतलं, मागोमाग रूममेटनेही.

पहिल्या इंटर्नलला मार्क नेहमीपेक्षा कमी आले. असाइनमेंटमध्ये चौकोनी पोकळीतला प्रवाह सोडवायचा आहे: वरची भिंत सरकते, बाकी तिन्ही स्थिर. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ मध्ये रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहात वेगाचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती, ते सांगणारी संख्या) १०० पासून १०,००० पर्यंत याची उत्तरं कोष्टकांत प्रसिद्ध केली, आणि आजही नवा प्रोग्रॅम त्यांच्याशीच ताडून बघतात. आमच्या प्रोग्रॅमची वेगाची रेषा १०० ला त्यांच्या बिंदूंवर नीट बसली. सबमिशनला एवढंच पुरतं. १००० ला मात्र मधल्या भागात ती अजून बाजूला सरकते. हिशोबासाठी पोकळीचे लहान लहान चौकोन पाडणारी जाळी पुरेशी बारीक नाही की भिंतीजवळची अट चुकीची लिहिली आहे, यावर आमचं एकमत झालेलं नाही. शनिवारी आधी जाळी दुप्पट करून बघणार आहोत.